एकाच लहरीवर दोघे

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. रेडिओच्या पट्टीवर १२५१ किलोहर्ट्झ ही त्याची जागा. ज्यांनी हे केंद्र जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकले आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. दिवसा कार्यक्रम अगदी स्वच्छ ऐकू येई. रात्र झाली की मात्र बातम्यांच्या मागून भलत्याच भाषेतले गाणे डोके वर काढी. काटा जराही हललेला नसे, आणि रेडिओही बिघडलेला नसे. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा आयनांबराचा खालचा थर सूर्यास्तानंतर विरळ होतो. मग शेकडो किलोमीटरवरच्या केंद्रांच्या लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन आपल्या अंगणात उतरतात. त्यांपैकी एखादे केंद्र त्याच किंवा अगदी शेजारच्या वारंवारतेवर असले, की दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळते.

या मिसळण्यात आणि रेडिओच्या खरखरीत मोठा फरक आहे. खरखर हा नुसता गोंगाट. त्यात कोणाचाही निरोप नसतो, आणि पुढच्या क्षणी ती कशी असेल हे सांगता येत नाही. मागून येणारे गाणे मात्र कोणीतरी कोणासाठी तरी मुद्दाम पाठवलेले असते. ते आपल्याला नको आहे एवढेच. याला आपण व्यत्यय म्हणू. इंग्रजीत लहरींच्या एकत्र येण्याला आणि या व्यत्ययाला एकच शब्द आहे. मराठीत आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत: व्यतिकरण ही निसर्गाची क्रिया आणि व्यत्यय ही ऐकणाऱ्याची तक्रार. पुढे आपण पाहणार आहोत ते असे, की व्यत्यय हा कोणाचा तरी निरोप असल्यामुळेच त्याची व्यवस्था लावता येते. गोंगाटाची तशी लावता येत नाही.

गोंगाटावर सोपा उपाय म्हणजे मोठ्याने बोलणे. व्यत्ययावर तो चालत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळेच आवाज चढवतात, आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. माझा आवाज दुप्पट झाला, शेजाऱ्याचाही दुप्पट झाला, तर दोन्हींचे गुणोत्तर होते तेवढेच राहते. मोबाइलच्या टॉवरचे हेच दुखणे आहे.

जुना उपाय वाटणीचा. कोणाला वेगळी वारंवारता द्यायची, कोणाला वेगळी वेळ. शेजारच्या टॉवरला दुसऱ्या वारंवारता द्यायच्या, आणि बरेच अंतर गेल्यावर पहिल्या पुन्हा वापरायच्या. मोबाइलची पहिली जाळी अशीच उभी राहिली. पण भाकरी एक आणि खाणारे शंभर असले, की वाटणी कितीही न्याय्य केली तरी तुकडा लहानच मिळणार. एरवी हे खपून जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीला वेढले. अशा प्रसंगी ही वाटणी जिवाशी येते. वीज गेलेल्या भागातले टॉवर बॅटरी संपली की बंद पडतात, उरलेल्या टॉवरांवर सगळा भार येतो, आणि गच्चीवर अडकलेला प्रत्येक जण त्याच वेळी फोन लावत असतो. वारंवारतांची पट्टी ताणून वाढवता येत नाही. म्हणून प्रश्न असा, की एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर, एकाच गावातल्या दोघांना बोलू देता येईल का?

आपण हे रोज करतोच. वर्गात दोन मुले एकदम बोलली, तरी लक्ष देऊन त्यांपैकी एकाचे बोलणे आपल्याला निवडता येते. यामागे मेंदूच्या अनेक करामती आहेत. त्यांतली एक म्हणजे आपल्याला कान दोन आहेत. दोन्ही कानांवर पडणारे मिश्रण एकसारखे नसते. समजा, डावीकडच्या मुलाने x हा आकडा आणि उजवीकडच्या मुलीने y हा आकडा एकाच वेळी सांगितला. डाव्या कानावर मुलाचा आवाज जरा जास्त येतो, उजव्या कानावर मुलीचा. मोजमाप असे आले असे धरू:

डावा कान: २x + y = ११
उजवा कान: x + ३y = १३

आठवी-नववीचा विद्यार्थी सांगेल, x = ४, y = ३. दोघे एकदम बोलले, तरी दोघांचेही कळले. कान एकच असता तर समीकरण एक आणि अज्ञाते दोन, म्हणजे कितीही डोके खाजवले तरी उत्तर नाही. टॉवरवर एकाऐवजी अनेक अँटेना लावण्यामागचे मूळ कारण हेच. जितके अँटेना, तितकी समीकरणे.

पण दोन समीकरणे मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. दोन्ही मुले एकाच जागी, एकामागे एक उभी राहिली तर? दोन्ही कानांना जवळजवळ तेच मिश्रण ऐकू येईल. उदाहरणार्थ,

x + y = १०
x + १.१y = १०.४

याचे उत्तर x = ६, y = ४. आता गोंगाटामुळे दुसऱ्या मोजमापात जरा गडबड झाली आणि १०.४ ऐवजी १०.५ आले असे समजा. चूक एक टक्क्याइतकीच. पण उत्तर होते x = ५, y = ५. मोजण्यातल्या एक टक्का चुकीची उत्तरात सतरा ते पंचवीस टक्के चूक झाली! वर्गात ही दोन समीकरणे आलेखावर जरूर काढून पाहा. दोन्ही रेषा इतक्या जवळून जातात, की एक किंचित सरकली तरी छेदनबिंदू कुठच्या कुठे जातो. पहिल्या जोडीतल्या रेषा मात्र ठसठशीत कोन करून एकमेकींना छेदतात.

म्हणजे व्यत्यय पूर्णपणे पुसून टाकण्याचा हट्ट धरला, तर कधी कधी गोंगाट फुगून बसतो. त्यामुळे प्रत्यक्षातल्या यंत्रणा तो हट्ट धरत नाहीत. शेजाऱ्याचा थोडासा आवाज राहू देतात आणि त्या बदल्यात गोंगाट आटोक्यात ठेवतात. किती राहू द्यायचा याचे उत्तम प्रमाण गणिताने काढता येते. शंभर टक्के स्वच्छतेपेक्षा हा व्यवहारी मार्ग निरोप अधिक बिनचूक पोहोचवतो. आमच्या मते या विषयातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, आणि ती अभ्यासक्रमात फार उशिरा भेटते.

हे झाले ऐकण्याचे. टॉवरला बोलायचेही असते, आणि तेव्हा अडचण वेगळी. टॉवरला अँटेना कितीही लावता येतील, पण खिशातल्या फोनकडे दोन कानांचीसुद्धा खात्री नाही. समीकरणे सोडवण्याचे काम फोनवर टाकता येत नाही. ते बोलणाऱ्यानेच आधी करून ठेवायला हवे. हे कसे, ते शाळेच्या मैदानावर प्रयोग करून पाहता येते.

शाळेच्या ध्वनिक्षेपकाचे दोन सारखे स्पीकर एकाच अॅम्प्लिफायरला जोडून मोकळ्या मैदानात दोन मीटर अंतरावर ठेवा. मोबाइलवरच्या एखाद्या अॅपमधून ६८० हर्ट्झचा एकच सूर दोन्हींवर वाजवा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणून तरंगलांबी अर्धा मीटर. स्पीकरांसमोर दहा मीटरवर त्यांना समांतर अशी फक्कीची रेघ मारा. एक कान बोटाने बंद करून विद्यार्थ्यांना त्या रेघेवरून सावकाश चालायला सांगा. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, म्हणजे मधोमध, सूर मोठा ऐकू येईल. तिथून सव्वा मीटर बाजूला गेले की तो बराच बारीक होईल. आणखी सव्वा मीटर गेले की पुन्हा मोठा. सव्वा मीटरवर एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा पाव मीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, जास्त चालून येतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटात पडतो. जवळपास भिंत असली तर परावर्तनामुळे सूर पूर्ण नाहीसा होणार नाही, पण फरक स्पष्ट कळतो.

आता खरी गंमत. एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा. मधोमध जिथे सूर मोठा होता तिथे तो बारीक झाला, आणि सव्वा मीटरवरच्या शांत जागी मोठा झाला! स्पीकर हलला नाही, आवाजाची शक्ती बदलली नाही. फक्त एका लहरीचे चिन्ह उलटे केले.

आता आशाला मधोमध उभी करा, आणि बाबूला तिच्यापासून सव्वा मीटर डाव्या स्पीकरच्या बाजूला. आशासाठीचा निरोप p आणि बाबूसाठीचा q. डाव्या स्पीकरवरून p + q पाठवा आणि उजव्यावरून p − q. आशाला दोन्ही लहरी बरोबरीने पोहोचतात, म्हणून तिला ऐकू येते (p + q) + (p − q) = २p. बाबूकडे उजव्या स्पीकरची लहर अर्धी तरंगलांबी मागे पडते, म्हणजे तिचे चिन्ह उलटते. त्याला ऐकू येते (p + q) − (p − q) = २q. आशाच्या कानात q नाही आणि बाबूच्या कानात p नाही. सूर तोच, वेळ तीच, स्पीकरही तेच. दोघांनाही काही सोडवावे लागले नाही. समीकरणे मैदानातल्या हवेनेच सोडवली.

गाणे वाजवून हा प्रयोग तितका जमणार नाही, कारण गाण्यात अनेक वारंवारता असतात आणि प्रत्येकीची शांत जागा वेगळी. मोबाइल यंत्रणेलाही हीच अडचण येते. ती आपल्या पट्ट्याचे शेकडो अरुंद पट्टे करते आणि प्रत्येक पट्ट्यासाठी बेरीज-वजाबाकीचा हा हिशेब निराळा मांडते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचे उद्घाटन झाले. तिचा एक पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे, म्हणजे तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास. टॉवरवर दिसणाऱ्या चपट्या चौकोनी पेटीत असे शंभराहून अधिक चिमुकले अँटेना मावतात ते यामुळेच.

आता साताऱ्याकडे वळू. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेले हे गाव, एका बाजूला यवतेश्वरचा डोंगर. अशा डोंगराळ मुलखात दूरदर्शनच्या जुन्या काळात पडद्यावर प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली दिसे. सरळ आलेली लहर आणि कड्यावर आपटून जरा उशिरा आलेली लहर, अशी दोन चित्रे एकावर एक पडत. अभियंत्यांनी अनेक वर्षे परावर्तनाला शत्रूच मानले. त्या दृष्टीने सांगली भाग्याची. कृष्णाकाठची सपाट जमीन, लहरींना वाटेत डोंगराचा अडथळा नाही.

पण व्यत्ययाच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशेब उलटतो. सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर टॉवरपासून एकाच दिशेला, एक फोन दोन किलोमीटरवर आणि दुसरा तीन किलोमीटरवर आहे असे समजा. मध्ये मोकळे माळरान असेल तर दोघांच्या लहरी टॉवरच्या सर्व अँटेनांवर जवळजवळ सारख्याच कोनातून येतील. ही मघाची १.१ वाली समीकरणे झाली. आता हेच दोघे साताऱ्यात आहेत असे धरा. एकाची लहर एका कड्यावरून येते, दुसऱ्याची दुसऱ्या कड्यावरून आणि वाटेतल्या एखाद्या इमारतीवरून. सरळ दिशा एक असली तरी परावर्तने वेगळी, म्हणून समीकरणे वेगळी. ज्या डोंगराने दूरदर्शनचे चित्र बिघडवले, तोच दोघांना वेगळे करायला मदत करतो. अर्थात सांगलीच्या बाजारपेठेतल्या दाट इमारतीही हे काम करतात. अडचण उघड्या रस्त्यावर येते.

हा उलटा हिशेब ज्यांच्या लक्षात आला, त्यांत दोन भारतीय नावे आहेत. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला. पुण्याच्याच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९५६ मध्ये दूरसंचार विषयाची पदवी घेतली, आणि पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. आरोग्यस्वामी पॉलराज भारतीय नौदलातले. पाण्याखाली अनेक ध्वनिग्राहकांनी एकदम कान देऊन पाणबुडीची दिशा शोधणारी सोनार यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली घडली. नौदलातून निवृत्त होऊन ते कैलथ यांच्याकडे स्टॅनफर्डला गेले. तिथे विमानातून जमिनीवरच्या प्रेषकांचे मिसळलेले संदेश वेगळे करण्याचे काम चालू होते. दोन प्रेषक फार जवळ असले की ते वेगळे करता येऊ नयेत अशी अपेक्षा. पण आसपासच्या वस्तूंवरून लहरी विखुरत असल्या, तर ते वेगळे होत! यावरून पॉलराज यांना सुचले, की मग मुद्दामच अनेक अँटेनांवरून एकाच वारंवारतेवर वेगवेगळे निरोप पाठवावेत. दोघांनी १९९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये ते मिळाले. आज वायफायपासून ५जीपर्यंत सर्वत्र ही कल्पना वापरात आहे. पॉलराज यांना २०१४ साली मार्कोनी पारितोषिक मिळाले.

इथपर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली: बाबू नेमका सव्वा मीटरवर उभा आहे हे स्पीकरला ठाऊक आहे. टॉवरला हे कसे कळते? हजेरी घेऊन. प्रत्येक फोन ठरावीक क्षणी एक ठरावीक, सर्वांना माहीत असलेली खूण पाठवतो. ती आपल्या प्रत्येक अँटेनावर कशी उमटली यावरून टॉवर त्या फोनची समीकरणे तयार करतो. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असल्याने, त्याच वारंवारतेवर उत्तर पाठवताना तीच उपयोगी पडतात. पण ही हजेरी फार लवकर शिळी होते. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एस.टी.त बसलेला प्रवासी अर्धी तरंगलांबी, म्हणजे सुमारे ४.३ सेंटिमीटर, अंतर सेकंदाच्या चारशेव्या भागाच्या आसपास ओलांडतो. तेवढ्यात शांत जागेची मोठी जागा होऊ शकते. म्हणून हजेरी सेकंदातून शेकडो वेळा घ्यावी लागते, आणि हजेरीत गेलेला वेळ शिकवण्यातून वजा होतो हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

त्यातून शेजारचा वर्ग. आमच्या वर्गात ‘पाटील’ असा पुकारा झाला आणि भिंतीपलीकडच्या वर्गातल्या पाटलानेही ‘हजर’ म्हटले तर? सांगली जिल्ह्यात तर एका वर्गात चार पाटील निघतील! वेगवेगळ्या खुणा मोजक्याच असल्यामुळे शेजारच्या टॉवरांना त्याच खुणा पुन्हा वापराव्या लागतात. मग टॉवर दोन पाटलांचे मिश्रण एकच समजून समीकरण मांडतो आणि आपल्याकडच्याला पाठवलेला निरोप पलीकडच्याच्याही कानात ओततो. २०१० साली थॉमस मार्झेटा यांनी दाखवले, की टॉवरवरच्या अँटेनांची संख्या खूप वाढवली तर गोंगाट आणि इतर व्यत्यय जवळजवळ नाहीसे होतात. त्यांच्या मांडणीत शेवटी उरतो तो या चुकीच्या हजेरीचा व्यत्यय.

व्यत्यय आधी माहीत असणे किती मोलाचे, हे मॅक्स कोस्टा यांनी १९८३ मध्ये ‘मळक्या कागदावर लिहिणे’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या एका निबंधात सिद्ध केले. त्यामागची एक युक्ती अंकगणिताची आहे. ठरवा, की ऐकणारा मिळालेल्या संख्येचा फक्त एकक स्थानचा अंक वाचणार. मला ५ सांगायचे आहे आणि वाटेत ३७ एवढा व्यत्यय मिसळणार हे मला ठाऊक आहे. मी −२ पाठवतो. पोहोचते ३५. एककाचा अंक ५. व्यत्यय ३७ ऐवजी ९३७ असता तरी −२ नेच काम झाले असते. व्यत्यय कितीही मोठा असो, मला −५ ते +५ यांपलीकडे जावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो किती होता हे कळण्याचीही गरज नाही. टॉवर एकाच वेळी दोघांना निरोप देतो तेव्हा दुसऱ्याचा निरोप त्यानेच लिहिलेला असतो. कागदावरचे डाग कुठे आहेत हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

वेगवेगळ्या टॉवरांचा व्यत्यय मात्र असा आधी कळत नाही. तिथे २००८ मध्ये विवेक कडंबे आणि सय्यद जफर यांनी मांडलेली कल्पना आम्हाला फार देखणी वाटते. तीन टॉवर, तीन फोन. पहिल्या फोनला x हवा आहे, y आणि z शेजाऱ्यांचे. दोन पाळ्यांत त्याला मिळाले:

x + y + z = १२
३x + y + z = १८

अज्ञाते तीन, समीकरणे दोन. तरीही वजाबाकी केली की २x = ६, म्हणून x = ३. y आणि z वेगवेगळे किती हे कधीच कळणार नाही, पण ते कळायला हवेत कोणाला? नको असलेले दोन्ही निरोप दोन्ही पाळ्यांत एकाच जोडीने आले, म्हणून त्यांनी एकाच अज्ञाताची जागा अडवली. अशी रचना प्रत्येक फोनपाशी साधली तर प्रत्येकाला निम्मा वेळ मिळाल्यासारखे होते, मग जोड्या तीन असोत की तीस. वाटणीच्या नियमाने तिसांतल्या प्रत्येकाला तिसावा हिस्सा मिळाला असता. पण हे साधण्यासाठी साताऱ्याच्या टॉवरला कराडच्या फोनचीही अचूक समीकरणे माहीत असावी लागतात, तीही क्षणाक्षणाला ताजी. एवढी हजेरी घ्यायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न सुटलेला नसल्यामुळे ही रीत अजून फळ्यावर आणि प्रयोगशाळेतच जास्त दिसते.

विद्यार्थ्यांसाठी एक काम. मैदानावर आशा आणि बाबू यांच्या जोडीला तिसरी चंदा उभी करा. तिच्यासाठीचा निरोप r. दोनच स्पीकर वापरून तिघांनाही आपापला निरोप एकाच वेळी स्वच्छ मिळेल अशा बेरजा-वजाबाक्या लिहिता येतात का ते पाहा. येत नसतील तर नेमके कुठे अडते ते शोधा, आणि मग दोन पाळ्या वापरायची मुभा देऊन पुन्हा प्रयत्न करा.